मागचा रस्ता

मलकापूरच्या अलीकडे एका निंबाच्या सावलीला गाडी लावली, चारी इंडिकेटर चालू केले आणि मी आल्या रस्त्याने उलटा चालायला लागलो. ऊन डोक्यावर आलं होतं. गाडीत निफाडकडचा कांदा होता, जायचं होतं कलकत्त्याला, आणि माझं तोंड होतं घराकडे.

ट्रक ड्रायव्हर हायवेच्या कडेने पायी चालताना दिसला की लोकांना वाटतं, याचं काहीतरी पडलंय. बैलगाडीवाल्या एका म्हाताऱ्याने विचारलंच, "काय पडलं भाऊ?"

"ताडपत्रीची दोरी," मी म्हणालो.

आदल्या खेपेला चाकाचे नट खोलायची टॉमी पडली होती. त्याच्या आधी पाना, त्याच्याही आधी डिझेलच्या टाकीचं झाकण. माझ्या गाडीतून त्या वर्षी जेवढं सामान रस्त्यावर पडलं, तेवढ्यात एखाद्याने दुकान थाटलं असतं. खरं तर काहीच पडलेलं नव्हतं. मी माणूस शोधत होतो. माझ्या गाडीखाली आलेला माणूस.

मागे कुठेतरी चाकाला धक्का बसला होता. आरशात पाहिलं तर रस्ता मोकळा होता. पण मन म्हणालं, तू उशिरा पाहिलंस. तो रस्त्याकडेच्या चारीत फेकला गेला असेल. अजून जिवंत असेल, पाणी मागत असेल, आणि तू खुशाल निघालास. एकदा हे डोक्यात शिरलं की गाडी पुढे जायची आणि मी मागेच राहायचो. मग सावली बघून थांबायचं, चालत मागे जायचं, दोन्ही बाजूंच्या चाऱ्या बघायच्या आणि हात हलवत परत यायचं.

खिशात फोन वाजला. ऑफिसातली रोहिणी. गाड्यांना जीपीएस बसवल्यापासून तिच्या टेबलावरच्या पडद्यावर आम्ही सगळे ठिपके होऊन फिरायचो, आणि ठिपका थांबला की तिचा फोन यायचा.

"काका, गाडी थांबलीय का?"

"टायर तपासतोय."

"परत?"

पोरगी वाईट नव्हती, तिचं कामच ते होतं. "निघतोच," म्हणून मी फोन बंद केला. संपतशेठने निघतानाच सांगितलं होतं, "अंबादास, मागच्या दोन्ही खेपांना तू माल उशिरा पोचवलास. पिऊन पडतोस की वाटेत बाई ठेवलीस, मला माहीत नाही आणि मी विचारत पण नाही. या खेपेला उशीर झाला तर गाडीची किल्ली टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं." मी दारूला शिवत नव्हतो. बाईचं म्हणाल तर घरी बायकोशी, सुनंदाशी बोलायलाही तेव्हा माझ्याकडे धड शब्द नव्हते. पण खरं सांगण्यापेक्षा शेठने मला दारुडा समजावं, हेच मला बरं वाटलं. दारुड्या ड्रायव्हरला कुणी ना कुणी गाडी देतंच, वेड्याला कोण देणार?

हे सुरू कसं झालं, तेही सांगण्यासारखं नाही. धुळ्याच्या बाहेर एकदा चाकाखाली काहीतरी मऊ आलं. उतरून पाहिलं तर कुणाच्यातरी ट्रॉलीवरून पडलेलं भुशाचं पोतं. मी हसलो, एक बिडी ओढली आणि निघालो. एवढंच. पण तेव्हापासून प्रत्येक धक्क्याला मला ते मऊ आठवायला लागलं. आधी आरशात बघून भागायचं. मग थांबून बघायला लागलो, मग चालत मागे जायला लागलो. बघून आलो की थोडा वेळ जीव थंड असायचा आणि मग वाटायचं, आपण नीट पाहिलं का? चारी पाहिली, बाभळीच्या पलीकडे कुठे पाहिलं? पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांनी सांगितलं की असा आजार असतो आणि तो पुष्कळांना असतो. तेव्हा मात्र वाटायचं, सबंध दुनियेत हे एकट्या अंबादास गांगुर्डेच्या डोक्यात चाललंय. क्लीनर ठेवणं शेठने कधीच बंद केलं होतं. केबिनमध्ये मी, समोर काच आणि बाजूची सीट रिकामी. कधीकधी मी त्या सीटशी बोलायचो. ती निमूटपणे ऐकून घ्यायची, हे खरं.

तर मी असा चारीत डोकावत चाललो होतो आणि समोरून येणारी एक गाडी हॉर्न देत कडेला आली. कचरूनाना आहिरे. शेठचीच दुसरी गाडी, तोच कांदा, तेच कलकत्ता. त्यांची गाडी भरायला उशीर झाला म्हणून ते माझ्या मागून निघाले होते. नाना आमच्यातले सगळ्यांत जुने ड्रायव्हर. उंच, वाळके, बोलणं कमी. कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांची एकच गोष्ट ढाब्याढाब्यावर थट्टेचा विषय होती. अमरावती सोडली की नागपूरच्या अलीकडे एक पट्टा असा होता, की तिथे नाना चहाला थांबत नसत, लघवीलासुद्धा थांबत नसत. "नानांची सासुरवाडी दिसते तिथं," असं पोरं म्हणायची. नाना नुसते बघायचे आणि चहा प्यायचे.

ते खाली उतरले. "काय पडलं?"

"दोरी, ताडपत्रीची."

त्यांनी माझ्या पाठीमागे दूरवर उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे पाहिलं. "दोरी तर बांधलेली हाये तुझी. चारी बाजूंनी." मग माझ्याकडे पाहिलं. "काय शोधतो?"

खोटं बोलायला तोंड उघडलं आणि ते आलंच नाही. इतक्या वस्तू पाडून झाल्या होत्या की पुढचं नावच सुचेना.

"माणूस," मी म्हणालो.

नाना हसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "मेलेला का जित्ता?"

तो प्रश्न ऐकला आणि माझा बांध फुटला. कारण वेड्याला कुणी असं विचारत नाही. मी सगळं सांगितलं. भुशाचं पोतं, आरसा, चाऱ्या, शेठची किल्ली. हायवेच्या कडेला उभं राहून, बाजूने गाड्या धडधडत जात असताना, अर्धं त्यांना ऐकू गेलं असेल नसेल. शेवटी म्हणालो, "नाना, तिथं काही नसतं हे मला माहीत आहे. पण बघितल्याशिवाय माझ्याच्यानं गाडी चालवत नाही."

"घरी ठाव हाये?"

"नाही."

"बरं. चल, बघू."

मग आम्ही दोघे चालत गेलो. नाना डाव्या चारीने, मी उजव्या. त्यांनी टंगळमंगळ केली नाही. खरंच कुणी पडलेलं असावं असं वाकून, झुडपं बाजूला सारून ते बघत होते. एका ठिकाणी मला लहान पोराची चप्पल दिसली आणि मी नानांना हाक मारली. नानांनी ती उचलली, उलटी केली. "धूळ बघ कशी चढलीय. लई दिवसांची हाये." त्यांनी ती चप्पल फेकली नाही, एका मैलाच्या दगडावर नीट ठेवली. मला ते तेव्हा विचित्र वाटलं.

परत आलो तेव्हा ते म्हणाले, "तू पुढं चाल. मी मागं ऱ्हातो. तुझ्या मागचा सगळा रस्ता मला दिसतो. काय असलं तर मी सांगंन. कानात ते यंत्र घाल अन् फोन चालू ठेव."

"तुम्ही खरं सांगाल?"

"मला खोटं बोलून काय भेटनार हाये?"

तेवढ्याने काम झालं. म्हणजे मला तरी तसं वाटलं. नांदुऱ्याच्या पुढे खड्डा आला. "नाना?" "साफ हाये." खामगावात स्पीडब्रेकर. "नाना?" "साफ हाये." गाडी पळायला लागली. कित्येक महिन्यांनी मला रस्त्याच्या कडेचं काही दिसलं. कापसाची शेतं, शाळेतून चाललेल्या पोरी, पाटीवर चुकीचं लिहिलेलं गावाचं नाव. अकोल्याला जेवताना मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. नानांनी स्वतःच्या ताटातला कांदा माझ्याकडे सरकवला. कांद्याच्या गाडीवरची माणसं कांदा विकत घेऊन खातात, याच्यावर आम्ही थोडं हसलोही.

पण दुपार उतरेपर्यंत माझं विचारणं वाढलं. आधी मोठ्या धक्क्याला विचारायचो, मग बारक्याला, मग धक्का नसला तरी. मूर्तिजापूरच्या पुढे रस्ता आरशासारखा होता आणि मी विचारतोय, "नाना?" त्यांचं आपलं "साफ हाये." एकदा त्यांना उत्तर द्यायला जरा उशीर झाला, बहुतेक पाणी पीत असतील, तर माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. म्हणजे आजार गेला नव्हता, त्याने फक्त नानांच्या गाडीत जागा केली होती. ते मला कळत होतं. तरी मी विचारतच होतो, कारण त्या दोन शब्दांइतकं गोड मला तेव्हा काहीच लागत नव्हतं.

अमरावतीला मुक्काम केला आणि सकाळी निघालो. चौपदरी रस्ता, कोवळं ऊन, दुभाजकात कण्हेर फुललेली. चांगलं चाललं होतं. नाना जिथे थांबत नसत तो पट्टा आला तसं मी मुद्दाम चेष्टेने म्हणालो, "नाना, सासुरवाडी आली. चहा घ्यायचा का?" पलीकडून काही आलं नाही. मला वाटलं, रागावले.

थोडं पुढे रस्त्यात दगड आले. हे आमच्या लोकांचं नेहमीचं. गाडी बंद पडली की मागून येणाऱ्याला कळावं म्हणून ड्रायव्हर रस्त्यात मोठाले दगड मांडतो, झाडाची फांदी रोवतो. काम झालं की गाडी चालू करून निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. दगड आणतो एकटा, पण ते उचलायचे कुणी, हे कुणी ठरवलेलंच नाही. मी सफाईने डावीकडून गाडी काढली. काढताना मागचं चाक एकावरून गेलं आणि गाडी हलली.

"नाना?"

उत्तर नाही.

"नाना, साफ आहे का?"

फोन चालू होता. त्यातून वाऱ्याचा आणि जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता, माणसाचा नाही. आरशात पाहिलं. नानांची गाडी दूर मागे, त्या दगडांपाशी कडेला उभी होती. मला वाटलं, आज ते झालं. ज्याला मी वर्षभर शोधत होतो तो आज खरंच सापडला आणि नानांनी तो पाहिला.

कशीबशी गाडी कडेला घेतली आणि पळत सुटलो. जवळ गेलो तर नाना रस्त्यात वाकलेले. एकेक दगड उचलत होते आणि चारीच्या पलीकडे नेऊन टाकत होते. बाजूने गाड्या हॉर्न मारत, शिव्या देत जात होत्या. म्हाताऱ्याला दम लागला होता, सदरा पाठीला चिकटला होता.

"नाना, काय झालं? कुणी आलं का माझ्या गाडीखाली?"

"नाय रे. कोनी नाय."

"मग बोलत का नव्हता?"

त्यांनी शेवटचा दगड उचलला. मोठा होता, मी हात लावायला गेलो तर "ऱ्हाऊ दे, माझा हाये" म्हणाले. तो टाकून आले आणि चारीच्या काठावर बसले. मी बाजूला बसलो.

"त्या वळनाच्या अलीकडं. रस्ता एकेरी व्हता तवा. चाकाच्या हबचं काम निघालं, दुपारभर गाडी हितं उभी. मी दगडं लावली, चांगली मोठाली. काम झालं, गाडी चालू केली अन् निघालो. दगडं तशीच." त्यांनी हाताची माती झटकली. "जाता जाता आरशात बघितलं. मागून मोटरसायकल येत व्हती. माणूस अन् मागं बाई, नवी कोरी साडी. गाडी दगडाला लागली अन् झुलली. मंग वळन आलं."

"पडली?"

"नाय दिसलं. पडली का सावरली, दिसलंच नाय. वळन आलं म्हनलं ना."

"थांबता आलं नसतं?"

"आलं असतं की. ब्रेक व्हता गाडीला." नाना रस्त्याकडे बघत होते. "मनाला म्हनलं, सावरली असंल. दुसऱ्या खेपेला इचारू म्हनलं. दुसऱ्या खेपेला इथनं जाताना पायच वर उठना एक्सलेटरवरनं. तवापास्नं थांबलो नाय. आज तू दगडं चुकवून गेला, अन् मी तुझ्या मागं काय पडतंय ते बघत व्हतो. सगळं तसंच दिसलं."

मी वर्षभर समजत होतो की रस्त्यावर मी एकटाच आहे, आणि माझ्या मागे चाललेला हा माणूस माझ्याहून कितीतरी जुना एकटा होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. रोहिणी.

"काका, दोन्ही गाड्या थांबल्यात."

"नानांच्या गाडीचा फॅनबेल्ट तुटलाय," मी म्हणालो. खोटं आता सहज आलं, कारण ते माझ्यासाठी नव्हतं.

नाना उठले. "चल. चहा घेऊ."

वळणाच्या पुढे एक टपरी होती. पत्र्याची, बाहेर दोन बाकडी. एक बाई स्टोव्हला पंप मारत होती.

"बसा जी. दोन च्या?"

नाना बसले नाहीत. "बाई, हितं मागं एक अपघात झालता..."

"कोन्ता? येथी त महिन्याले एक होतेच. परवाच बोलेरोवाला गेला."

"लई वर्सं झाली. एकेरी रस्ता व्हता. मोटरसायकल व्हती, दोघं व्हती. रस्त्यात दगडं..."

बाईचा हात थांबला. "दगडाचा? संजय मोहोडचा पुसता काय तुमी? मी नवीच नवरी होती तेव्हा. कोन्या ट्रकवाल्यानं रस्त्यात दगडं मांडले अन् तसेच टाकून गेला मेला. संजय जागीच गेला. वर्ष नोतं झालं लग्नाले."

"अन् ती?"

"पुष्पा? आहे ना. सासूपाशीच रायली, अंगणवाडीत जाते. हा काय फाटा, शाळेच्या मागं घर आहे." तिने नानांकडे निरखून पाहिलं. "तुमचा कोन लागे तो?"

"कोनी नाय," नाना म्हणाले.

चहा आला. नानांनी तो घेतला नाही. ते फाट्याकडे बघत उभे राहिले. मग गाडीजवळ गेले, खिडक्या वर केल्या, कुलूप लावलं. तोंडावर पाणी मारलं, पंच्याने पुसलं, सदरा नीट केला. एखाद्याच्या घरी पाहुणा म्हणून जाताना माणूस जसं करतो, तसं.

"तू जा अंबादास. तुझा माल उशिरा जाईल."

"आणि तुम्ही?"

"मी येतो मागनं. उद्या, परवा. शेठला काय सांगायचं ते मी सांगंन."

आणि मी काय म्हणालो असेन? माणूस असा उभा, आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम करायला निघालेला, आणि मी म्हणालो, "नाना, मग माझ्या मागं कोण?"

बोललो आणि जीभ चावली. नाना रागावले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कोनी नाय. माझ्या मागं पन कोनी नव्हतं." मग म्हणाले, "तू डोळ्यांनी बघून येतो अन् डोळ्यांवर भरवसा ठेवत नाय. मी बघितलंच नाय, अन् मला रोज दिसतं. तुझं माझ्यापरीस बरं हाये बाबा. तुझ्यापायी कोनी मेलेलं नाय."

ते फाट्याने आत चालत गेले. पाठीत जरा वाकलेले, हात मागे बांधलेले. मी त्यांना शाळेच्या कोपऱ्यापर्यंत पाहिलं आणि गाडीत चढलो. बाजूची सीट रिकामी होती, आरशात रस्ता रिकामा होता आणि कानातलं यंत्र मी काढून डॅशबोर्डवर ठेवलं.

त्यानंतरचा प्रवास मी कसा केला ते मला धड सांगता येणार नाही. शूरपणा वगैरे काही नव्हता. भंडाऱ्याच्या पुढे एका पुलाच्या सांध्यावर गाडी आपटली आणि तोंडातून "नाना?" निघालंच. उत्तर कोण देणार? मन म्हणायला लागलं, थांब, नुसतं बघून ये, एकदाच. मला नानांचा आरसा आठवला. त्यांना जे दिसलं होतं ते खरंच होतं आणि मला जे दिसत नव्हतं ते नव्हतंच, हे मी स्वतःला मोठ्याने सांगत होतो. पटत होतं असं नाही, पण तोंडाला काम होतं. भीती गेली नाही. तिला तशीच शेजारच्या सीटवर बसवली आणि गाडी हाकली.

रायपूरच्या पुढे मात्र थांबलो. दार उघडलं, एक पाय पायरीवर ठेवला आणि तसाच उभा राहिलो. समोर माळ, मागे माळ, कुत्रंसुद्धा नाही. खाली पाय टाकला असता तर मी गावापर्यंत चालत मागे गेलो असतो, असं वाटलं. पाय परत आत घेतला, दार ओढून घेतलं आणि मोठ्याने रडलो. हायवेचा हा एक फायदा आहे, कितीही रडा, कुणाला ऐकू जात नाही. मग डोळे पुसले आणि निघालो. रोहिणीचा फोन आला नाही. बहुधा ठिपका थांबल्याचं तिच्या लक्षातच आलं नसेल इतका तो थोडा वेळ होता.

कलकत्त्याच्या बाजारात माल वेळेवर उतरला. हमाल आपापसात त्यांच्या भाषेत बोलत होते, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गर्दी एवढी की उभं राहायला जागा नाही, आणि इतकं एकटं मला माळावरही वाटलं नव्हतं. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं की मी पोचलो, त्या फाट्यानंतर एकदाही मागे चालत गेलो नाही. पण हे ज्याला कळेल असा एकच माणूस होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. मी गाडीच्या पायरीवर बसून होतो आणि दुपारी नानांचाच फोन आला.

"पोचला का?"

"पोचलो. तुम्ही कुठं आहात?"

"रायपूरच्या अलीकडं. येतो." मी विचारावं की नाही या विचारात होतो, तर तेच म्हणाले, "घर सापडलं."

"भेटल्या त्या?"

"भेटली. आपल्या सुनंदाएवढी असंल, केस पांढरे झालेत. दारात परका मानूस बघितला, तरी बसा म्हनली. पानी दिलं, मग चहा टाकला. म्हातारी सासू कोपऱ्यात बसून व्हती, तिला दिसत नाय. मी कप हातात घेतला अन् मंग सांगितलं."

"सगळं?"

"सगळं. दगडं माझी व्हती म्हनलं. आरशात बघितलं ते पन सांगितलं."

"मग?"

"मंग कप काढून घेतला हातातला. निम्मा चहा व्हता त्यात अजून. मोरीत ओतला, कप इसळला, पालथा घातला अन् आत गेली. दार लावलं नाय. शिवी दिली असती तर बरं झालं असतं रे."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करनार? ओट्यावर बसलो. कोनी ऊठ म्हनलं नाय, कोनी बस म्हनलं नाय. दिवस कलला तशी ती बाहेर आली. म्हनली, तो पडल्यावर मी लई वेळ हाका मारल्या. गाडी दिसत व्हती तुमची, म्हनली, वळनापर्यंत. वाटलं, थांबंल." मग परत म्हणाले, "वाटलं, थांबंल, म्हनली."

फोन दोघांनी कानालाच धरून ठेवला होता. शेवटी ते म्हणाले, "अंबादास, तू घरी सांग. लई दिवस पोटात ठिवलं का मानसाला दार उघडं असून आत जाता येत नाय." आणि फोन ठेवला.

बाजार जोरात चालू होता. मी तिथेच पायरीवर बसून सुनंदाला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला. "पोचलात?" ती म्हणाली. "आवाज असा का येतोय? जेवलात का?"

"नाही," मी म्हणालो. "आधी ऐक."